एरंडेलाने जाम झालेलं इंजिन

एका वाचकाने फोटो पाठवलाय. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला मॉडेल विमानाचं अंगठ्याएवढं इंजिन मिळालं, पाठीला इवलीशी टाकीही आहे. स्पार्क प्लगची वायर कुठे जोडायची, आणि पंखा हलत का नाही, हे त्याचे प्रश्न.

इंजिन कॅलिफोर्नियातल्या कॉक्स कंपनीचं दिसतंय, ०.०४९ घनइंच, म्हणजे जेमतेम ०.८ सीसी. त्याला वायर नसतेच. सिलिंडरच्या माथ्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं. दीड व्होल्टचा सेल लावून ते लाल करायचं, पंख्याला झटका द्यायचा, इंजिन किंचाळू लागलं की सेल काढून घ्यायचा. तार तरीही विझत नाही, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमवर ऑक्सिजनशी संयोग पावत राहते आणि त्या उष्णतेवर तार धगधगत राहते. १९४७ मध्ये रे आर्डन या अमेरिकनाने हा ग्लो प्लग बाजारात आणला, आणि कॉइल-बॅटरीचं ओझं विमानावरून उतरलं.

संग्राहक आर्डनचं नाव घेऊन थांबतात. मला मात्र आठवतो तो दहावीच्या पुस्तकात मूलद्रव्यांच्या त्रिकांपुरता उरलेला रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर. हम्फ्री डेव्हीने १८१७ मध्ये ज्वालेविना तापती राहणारी प्लॅटिनमची तार दाखवली होती. डोबेरायनरने १८२३ मध्ये सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला आणि तो भस्सकन पेटला. त्यातून झाला टेबलावरचा दिवा: बरणीत जस्त आणि आम्ल, तोटी फिरवली की ज्योत! घासून पेटणारी काडी तेव्हा दुकानात यायची होती.

आता पंखा. साधं इंजिन ऑइल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. एरंडेल विरघळतं, कारण त्यातल्या रिसिनोलिक आम्लाला हायड्रॉक्सिल गट असतो. म्हणून या इंधनात वंगण म्हणून आपलं एरंडेल. पण वर्षानुवर्षं पडून राहिलं की मिथेनॉल उडून जातं आणि एरंडेल हवा खाऊन लाखेसारखं घट्ट होतं. पक्कड लावू नका. मी लावली होती. पिस्टनचा दांडा वाकला. हेअर ड्रायरने कोमट करा, गार झालं की स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मग बोटाने हलकेच फिरवा. (मिथेनॉल विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.)

आणि विकणारा ‘कधीच चालवलेलं नाही’ म्हणाला असेल, तर धूर बाहेर पडतो ती खाच बघा. फोटोत तिथे तपकिरी डाग आहे. ते जळलेलं एरंडेल.