मुले शिबिराला जातात तेव्हा

उन्हाळी शिबिर म्हटले की मुलांचीच चर्चा होते. मागे राहिलेल्या घराकडे कोणाचे लक्ष जात नाही. न्यूयॉर्कमध्ये 1901 साली रॉबर्ट बोव्हिल यांनी चर्चच्या सुट्टीतील बायबल शाळांचे काम सुरू केले, ते दाट वस्तीत रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी. ती कल्पना पुढे आपल्याकडेही रुजली. सोलापुरातील ख्रिस्ती घरांतूनही मे महिन्यात मुले गाणी, खेळ व बायबलचे पाठ शिकायला शिबिराला जातात.

मुले गेली की घर शांत होते, पण काम वाढते. आमच्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. ते भरायला मुलांचे हात लागतात. आई विड्या वळत असेल तर प्रश्न मजुरीचा होतो. पान भिजवून कापणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे, तोंड मुडपणे, एवढे केल्यावर मजुरी मिळते ती हजारावर. 1986 च्या कायद्याने विडीकामात मुलांना बंदी केली, परंतु घरच्यांच्या मदतीने चालणारे काम त्यातून वगळले. त्यामुळे मुलांची मदत चालूच राहिली. तेच हात कमी झाले की हजार भरायला रात्र होते. शिबिराची फी माफ असली तरी ही किंमत घराला मोजावी लागते.

परिणाम असा, की मुलगा सहज जातो. थोरल्या मुलीचे जाणे मात्र 'पुढल्या वर्षी पाहू' यावर राहते. शिबिर भरवणाऱ्यांनी नावे लिहून घेताना घरी कोण राहणार, हेही विचारावे. आणि तेवढे दिवस वडिलांनी घागर उचलली, तर थोरलीलाही सुट्टी मिळेल.