लेकीसुनांची पाळी आणि अंगावरची चरबी

गोठा सांभाळणाऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. गाय हाडं दिसण्याइतकी खंगली की माजावर येत नाही. चरबीनं फार भरली तरी उलटत राहते. बेताच्या अंगाची गाय वेळेवर गाभण राहते. थोड्याफार फरकाने हाच नियम माणसालाही लागू आहे. पण घरातल्या सुनेला दिवस राहिले नाहीत तर आपण गंडेदोरे शोधतो, नाहीतर तिलाच बोल लावतो.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे

चरबी म्हणजे कणगीत भरलेलं धान्य, असा पूर्वी समज होता. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी 'लेप्टिन' हे संप्रेरक शोधले. ते चरबीच्या पेशीच तयार करतात. रक्तावाटे ते मेंदूत जाते आणि कणगीत किती दाणा शिल्लक आहे याची वर्दी देते. शिल्लक पुरेशी असली तर मेंदू बीजकोशाला कामाला लावतो. फारच कमी असली तर काम थांबवतो. पोटातलं पोर पोसायला दाणा नाही, असा त्याचा हिशेब. म्हणूनच अर्धपोटी राहून राबणाऱ्या बाईची पाळी बंद पडू शकते, आणि वाळलेल्या पोरीला पाळी उशिरा येते.

चरबी बेसुमार वाढली तर उलट घडते. लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याचे ऐकेनासा होतो. चरबीतूनच येणारे 'अॅडिपोनेक्टिन' हे दुसरे उपयोगी संप्रेरक घटते. इन्सुलिनचा गुण येत नाही म्हणून शरीर ते जास्त तयार करते. त्यामुळे बीजकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि बीज वेळेवर पक्व होत नाही. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर लव येते. डॉक्टर ज्याला पीसीओडी म्हणतात तो हाच प्रकार. सडपातळ मुलींनाही तो होतो.

दोष बाईचाच असतो असेही नाही. पुरुषाच्या पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरकाचे स्त्री संप्रेरकात रूपांतर करते. त्याने वीर्याची प्रत घसरू शकते.

आपल्या भागात जास्त काळजी का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. म्हणून भारतीयांसाठी धोक्याची रेघ अलीकडे ओढली आहे : कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

त्यात चाकण, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात जमिनी एमआयडीसीत गेल्या. अनेक घरांत पैसा आला आणि खुरपं सुटलं. कांदा काढणाऱ्या आईची लेक आता कंपनीच्या बसने जाते, रात्रपाळी करते, बसून किंवा एका जागी उभी राहून काम करते. भाकरीच्या जागी वडापाव आणि बिस्किटं आली. अंगमेहनत घटली, खाणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं.

करायचे काय?

उपाय खर्चिक नाही. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरले तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. सत्तर किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो पुरेत. रोज अर्धा तास झपझप चालावे. ताटात डाळ, कडधान्य, पालेभाजी वाढवावी. गोड चहा, तळण कमी करावे. मात्र उपाशी राहू नये, नाहीतर मेंदू पुन्हा काम थांबवेल. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर गाठावा; थायरॉईडसारखी दुसरी कारणेही असू शकतात. लग्नानंतर वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर नवरा-बायको दोघांनीही तपासणी करावी.

सरपंच-ग्रामसेवकांनाही यात काम आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. कंपन्यांच्या करामुळे या पट्ट्यातील अनेक पंचायतींकडे पैसा आहे. त्यातून किशोरवयीन मुलींची वजन, कंबर व रक्त तपासणी वर्षातून एकदा शाळेतच घ्यावी, आणि बायकांना संध्याकाळी निर्धास्त चालता येईल असा दिव्याचा रस्ता करावा. गाय उलटली तर आपण लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. लेकीसुनांच्या बाबतीत मात्र वाट पाहत बसतो, हे बदलायला हवे.