एचआरमध्ये करिअर करायचंय? पदवी निवडण्याआधी हा फरक समजून घ्या

नामपूरसारख्या मोसम खोऱ्यातील गावात बीए, बीकॉम झालेल्या तरुणांपुढे एकच प्रश्न असतो : आता पुढे काय? नाशिकच्या सातपूर, अंबड आणि सिन्नर औद्योगिक वसाहतींत मशीनवर काम करायला आयटीआय लागते. पण भरती, प्रशिक्षण, पगार आणि कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या एचआर म्हणजेच मनुष्यबळ विभागात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला वाव असतो. मात्र या क्षेत्रातल्या सगळ्या पदव्या सारख्या नाहीत. दोन वर्षे आणि फी खर्च झाल्यावर हे कळून उपयोग नसतो.

पर्याय कोणते?

• एमबीए (मनुष्यबळ व्यवस्थापन) : पुणे विद्यापीठाशी संलग्न संस्थांत प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पदवीला ५० टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण आवश्यक.

• एमएसडब्ल्यू : समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी. मविप्र संस्थेचे समाजकार्य महाविद्यालय नाशिकमध्येच आहे.

• कामगारविषयक अभ्यासक्रम : मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. मुंबईच्याच टाटा समाजविज्ञान संस्थेत मनुष्यबळ व्यवस्थापन व कामगार संबंध या विषयात एमए करता येते.

• नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचे असल्यास नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ.

फरक कुठे पडतो?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ नुसार ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा २५० वर आली. म्हणजे ३०० कामगारांच्या मध्यम कारखान्यालाही आता हा अधिकारी हवा.

या पदासाठी आतापर्यंत पदवीशिवाय सरकारमान्य संस्थेची सामाजिक शास्त्र किंवा कामगार कल्याण विषयाची पदवी अथवा पदविका मागितली गेली आहे. त्यामुळे नुसते एमबीए इथे दरवेळी चालेलच असे नाही. बहुसंख्य कामगारांची भाषा येणे ही अटही असते. मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी ती जमेची बाजू.

प्रशिक्षण विभागात काय काम?

शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यांची निवड, नोंदणी, विद्यावेतन आणि शिकवण्याचे वेळापत्रक हे काम याच विभागाकडे येते. प्रशिक्षणानंतर माल कमी खराब झाला का, अपघात घटले का, हे मोजायलाही अभ्यासक्रमात शिकवतात.

अर्ज भरण्याआधी

१) अभ्यासक्रम कल्याण अधिकारी पदासाठी मान्य आहे का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. २) कामगार कायदे आणि कारखान्यातील प्रत्यक्ष काम अभ्यासक्रमात आहे का, ते पाहा. ३) दूरशिक्षण असल्यास त्या वर्षाची यूजीसी मान्यता तपासा. ४) फीसोबत नाशिक किंवा मुंबईतला राहण्याचा खर्च धरा आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर वेळेत अर्ज करा.