संघ हरतो, रक्तदाब चढतो

आजच्या लेखातला पहिला रुग्ण मी स्वतःच आहे. गेल्या हंगामात एका सोमवारी सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी सहज म्हणून पट्टा दंडाला बांधला आणि रक्तदाब मोजला. १५२ वर ९६. पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजला, फारसा फरक नाही. मीठ बेताचे, सिगारेट नाही, रोजचे चालणे नेमाने. मग हे काय? स्वयंपाकघरातून सौ.नी निदान केले, "काल परत हरला असाल!"

निदान अचूक होते. कोल्हापूरच्या पेठेत ज्याचा जन्म झाला त्याला तालीम निवडावी लागत नाही, ती जन्माबरोबर मिळते. वडिलांनी आठव्या वर्षी खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमवर नेले, तेव्हापासून मी आमच्या तालमीच्या संघाचा. एके काळी आमचा संघ भल्याभल्यांना घाम फोडायचा. गेल्या हंगामात मात्र पहिल्या सात सामन्यांत एकच विजय. बचावफळीत रोज नवी जोडी, गोलपुढे मोकळा चेंडू मिळाला की आमचा खेळाडू तो थेट प्रेक्षकांत पाठवणार. हंगाम निम्म्यावर आला तेव्हा वरिष्ठ गटातून खाली घसरण्याची भीती उभी राहिली. रविवारी रात्री झोप येईना. डोळे मिटले की तोच हुकलेला चेंडू.

"अहो, खेळच तो, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण मन आणि शरीर यांच्यात अशी भिंत नसते. सामना रंगात आला की मेंदू त्याला खरा प्रसंग समजतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी आहेत. त्यांतून ॲड्रिनलिन रक्तात सुटते. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटण्याची शक्यता वाढते. जखम झाली तर रक्त लवकर थांबावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. मैदानावरचा खेळाडू धावून ही सगळी तयारी खर्च करून टाकतो. आपण मात्र पायरीवर बसून शेंगा सोलत असतो.

निरोगी माणसाला यातून काही होत नाही. सामना संपला की तासाभरात सारे पूर्ववत. म्हणून गोल हुकल्यावर लगेच रक्तदाब मोजून घाबरू नये, तो चढलेलाच असणार. प्रश्न येतो तो ज्याच्या हृदयाच्या रोहिणीत आधीच चरबीचा थर साचला आहे त्याचा. चढलेल्या दाबाने त्या थराला चीर गेली, तर तिथे गुठळी धरते आणि वाट बंद होते.

याचा अभ्यासही झाला आहे. २००६ साली विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी ही संख्या एरवीच्या २.६६ पट झाली. पुरुषांत ३.२६ पट, स्त्रियांत १.८२ पट. सर्वांत जास्त रुग्ण सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत आले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. त्याआधी इंग्लंडमध्येही असेच दिसले होते. १९९८ साली ३० जूनला इंग्लंड पेनल्टीवर हरले. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मिळून हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या २५ टक्क्यांनी वाढली. गंमत अशी की २००६ मध्ये जर्मनीचा एक अटीतटीचा सामना ३० जूनलाच झाला, तोही पेनल्टीवर गेला आणि दोन्ही वेळा समोर अर्जेंटिनाच होती. (विश्वचषकाच्या वेळी आमच्या पेठांत अर्जेंटिनाचे झेंडे लावणाऱ्यांनी राग मानू नये.) जर्मनी तो सामना जिंकली होती. म्हणजे जिंकणाऱ्यालाही या ताणातून सूट नाही. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की इटलीत झालेल्या अशाच एका पाहणीत कसलीच वाढ आढळली नाही. तेव्हा सामना पाहिला की झटका येतो, असा अर्थ कोणी काढू नये.

पण विश्वचषक महिन्याभरात संपतो. आपला संघ हंगामभर हरत असेल तर ताणाची जात बदलते. तो ॲड्रिनलिनचा झटका राहत नाही, मुरलेला ताण होतो. त्यात कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाची पातळी चढी राहू शकते, झोप तुटते आणि तुटलेली झोप पुन्हा रक्तदाब वाढवते. शिवाय या ताणात आपल्या हातात काहीच नसते. दुकानात तोटा झाला तर माणूस निदान हिशेब तपासतो. प्रेक्षकाने काय करायचे? ओरडायचे.

अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली विद्यार्थ्यांचे बोलणे टिपले होते. संघ जिंकला की विद्यार्थी "आम्ही जिंकलो" म्हणत आणि हरला की "ते हरले" म्हणत. मला वाटते, आपल्या तालमींतला खरा समर्थक या हिशेबात बसत नाही. तो हरल्यावरही "आम्ही हरलो"च म्हणतो. नेमका तोच माझ्याकडे सोमवारी येतो. १९९४ च्या विश्वचषकात ब्राझील आणि इटलीच्या अंतिम सामन्यानंतर प्रेक्षकांची लाळ तपासली होती. ब्राझीलच्या समर्थकांत टेस्टोस्टेरॉन वाढले होते, इटलीच्या समर्थकांत घटले होते. खेळाडू नव्हेत, नुसते पाहणारे! हरल्यावर आपण दोन दिवस मरगळलेले असतो ते उगाच नव्हे.

या मरगळीवरचा आपला घरगुती इलाज म्हणजे खाणे. स्टेडियमवरून थेट वड्याच्या गाड्यावर, तिथून कुणाच्या तरी घरी तांबड्या रश्श्यावर. हेही आपल्यापुरते नाही. अमेरिकन फुटबॉलवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की रविवारी संघ हरला की त्या शहरातल्या लोकांच्या सोमवारच्या खाण्यात संपृक्त चरबी १६ टक्क्यांनी वाढते. संघ जिंकला तर ती ९ टक्क्यांनी घटते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. आपल्या दृष्टीने आयुष्यात काय मोलाचे आहे ते लोकांना लिहायला सांगितले, तर पराभवाचा हा परिणाम नाहीसा झाला. मी हे करून पाहिले. तिसऱ्या ओळीत पुन्हा तालमीचे नाव आले, तेव्हा कागद ठेवून दिला.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो. हंगामातला शेवटून दुसरा सामना, दुपारी चारचा. ऊन रणरणते. माझ्या शेजारी आमचे अण्णा. वय ६१, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, गोळ्या चालू, पण तंबाखू पूर्ण सुटलेली नाही. उत्तरार्धात ते म्हणाले, "डॉक्टर, छातीत जरा गच्च वाटायलंय. दुपारच्या वड्यानं असंल." मी वळून पाहिले. कपाळावर घाम होता. घाम तर सगळ्यांनाच आला होता. मी म्हटले, "चला, बाहेर सावलीत बसू." ते म्हणाले, "मॅच संपू द्या, मग बघू." आणि मी, तीस वर्षे दवाखाना चालवणारा माणूस, "हं" म्हणालो आणि पुन्हा मैदानाकडे पाहू लागलो. आम्हाला कॉर्नर मिळाला होता.

अशी वीस मिनिटे गेली. अण्णांचा डावा हात जड पडला तेव्हा मी भानावर आलो. कुणाकडून तरी ॲस्पिरिनची गोळी मिळवून चावायला दिली. पोरांनी त्यांना उचलून बाहेर नेले. ईसीजीमध्ये झटका स्पष्ट दिसत होता. रुग्णालयात तातडीने वाट मोकळी करण्यात आली आणि अण्णा वाचले. पण बंद रोहिणीपुढे एक एक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. त्या वीस मिनिटांचा हिशेब माझ्याकडे आहे.

म्हणून ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांना माझी विनंती आहे. सामन्याच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नका, गडबडीत तीच पहिली विसरते. उपाशीपोटी किंवा तडस लागेपर्यंत खाऊन जाऊ नका. पाण्याची बाटली जवळ ठेवा, तंबाखू आणि सिगारेट घरी ठेवा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती खिशात हवी, आणि ती बसूनच घ्यायची, कारण उभ्याने घेतल्यास दाब उतरून भोवळ येऊ शकते. छातीत आवळल्यासारखे वाटले, दुखणे हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे गेले, गार घाम सुटला, मळमळ झाली, तर ते पित्त आहे की काय याचा निकाल पायरीवर बसून लावू नका. मधुमेही माणसाला आणि कित्येक स्त्रियांना दुखतही नाही, नुसता दम लागतो. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि डॉक्टरांनी मना केलेले नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घ्या आणि जिथे ईसीजी निघतो तिथे चला. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आणि शेजारच्याने "मॅच संपू द्या" म्हटले तर ऐकू नका.

माझा स्वतःचा रक्तदाब हंगाम संपल्यावर महिन्याभराने १३८ वर ८८ आला. त्याला आता गोळी सुरू आहे. दोष सगळा संघाचा नव्हता, वयाचाही होता.

हंगामातला शेवटचा सामना झाला तेव्हा अण्णा अतिदक्षता विभागात तिसऱ्या दिवशी होते. मी संध्याकाळी भेटायला गेलो. त्यांनी ईसीजीचे विचारले नाही, पायाकडच्या पिशवीतल्या रिपोर्टचेही नाही. नर्स पलीकडे गेल्यावर हळूच विचारले, "काय झालं?"

सांगावे की न सांगावे, मी क्षणभर थांबलो. मग म्हटले, "बरोबरी. टिकलो."

पडद्यावर त्यांची नाडी ७४ होती. ती ९० वर गेली. नर्सने माझ्याकडे रोखून पाहिले आणि मी खुर्ची जरा मागे घेतली.