विश्लेषण : एक्सेलचा मॅक्रो अचानक ‘शीट’ का शोधू शकत नाही?

महिनाअखेरीला एक बटण दाबायचे आणि सगळ्यांच्या पगारचिठ्ठ्या तयार, हे काम अनेक पतसंस्था, शाळा आणि लहान कारखान्यांत एक्सेलमधला एखादा जुना मॅक्रो करतो. तो अचानक अडतो आणि पडद्यावर चौकट येते : ‘रन-टाइम एरर ९ : सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’. मॅक्रो लिहिणारा कर्मचारी केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि पगार तर उद्या करायचा असतो. मॅक्रोची भाषा, म्हणजे व्हीबीए, एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे आणि हा एररही तितकाच जुना. (सोयीसाठी पुढे कोड देवनागरीत दिला आहे, प्रत्यक्षात तो रोमन लिपीत लिहावा लागतो.)

एरर ९ म्हणजे काय?

मॅक्रोत वर्कशीट्स("सॅलरी") असे लिहिले की एक्सेल त्या नावाचे शीट शोधते. ते नसेल तर एरर ९. एवढेच. कोणी शीटचे नाव बदलून ‘सॅलरी न्यू’ केले, तरी मॅक्रोला त्याचा पत्ता नसतो. चौकटीतले ‘डीबग’ बटण दाबले की अडलेली ओळ पिवळी दिसते. तिच्यातल्या व्हेरिएबलवर माउस नेला की त्यातली किंमतही दिसते. निम्मे निदान तिथेच होते.

नाव बरोबर असूनही एरर का येतो?

लहान-मोठ्या अक्षरांचा फरक एक्सेल मानत नाही, पण रिकामी जागा मानते. ‘सॅलरी’नंतर चुकून स्पेस पडली असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. ते शीट उघडे ठेवून मॅक्रोच्या खिडकीत कंट्रोल आणि जी दाबावे, खाली उघडणाऱ्या इमिजिएट विंडोत प्रश्नचिन्ह टाकून लेन(अ‍ॅक्टिव्हशीट.नेम) लिहावे आणि एंटर दाबावे. इंग्रजीत ‘सॅलरी’ची अक्षरे ६, उत्तर ७ आले तर चोर सापडला.

वर्षाच्या नावाची शीट असतील तर वेगळीच गंमत होते. सेलमधला २०२४ हा आकडा मॅक्रोने तसाच उचलला, तर एक्सेल ‘२०२४’ नावाचे नव्हे, डावीकडून दोन हजार चोविसावे शीट शोधू लागते. आकड्याचे आधी सीएसटीआर वापरून मजकुरात रूपांतर केले की हा प्रश्न मिटतो. वर्कशीट्स(१) असे क्रमांकाने लिहिणे त्याहून घातक. कोणी टॅब ओढून पुढे-मागे केला की पहिले शीट दुसरेच होते आणि एररही येत नाही!

मराठी नावांचे काय?

शीटच्या टॅबवर ‘पगार’ असे देवनागरी नाव बिनदिक्कत देता येते. पण मॅक्रो लिहिण्याची खिडकी जुन्या घडणीची आहे, तिला युनिकोड कळत नाही. तिथे ‘पगार’ टाइप केले किंवा चिकटवले की सहसा प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मग मॅक्रो त्या प्रश्नचिन्हांच्या नावाचे शीट शोधतो, आणि पुन्हा एरर ९. यासाठी मराठी नाव सोडण्याची गरज नाही. प्रत्येक शीटला टॅबवरच्या नावाखेरीज एक आतले नाव असते, त्याला कोडनेम म्हणतात. मॅक्रोच्या खिडकीत डावीकडच्या यादीत ‘शीट१’ असे ते दिसते आणि कंसात टॅबचे नाव. एफ४ दाबून उघडणाऱ्या प्रॉपर्टीज विंडोत ते रोमन अक्षरांत बदलता येते. कोडमध्ये हे नाव वापरले की टॅबवर काहीही लिहा, मॅक्रोचे अडत नाही. मात्र ही सोय मॅक्रो ज्या फाइलमध्ये आहे तिच्यातल्याच शीटपुरती. दुसऱ्या फाइलमधले शीट हवे असेल, तर त्याचे मराठी नाव एखाद्या सेलमध्ये लिहून मॅक्रोने ते तिथून वाचावे.

चुकीच्या फाइलमध्ये शोध?

हेही नेहमीचेच. नुसते वर्कशीट्स लिहिले, तर साधारण मॉड्यूलमधला मॅक्रो त्या क्षणी समोर असलेल्या फाइलमध्ये शोधतो. बटण दाबण्याआधी कोणी बँकेची यादी उघडली असेल, तर तिच्यात ‘सॅलरी’ कुठून असणार? आधी धिसवर्कबुक आणि टिंब लावले की मॅक्रो स्वतःच्याच फाइलमध्ये शोधतो. एरर १००४ मागेही बऱ्याचदा असाच प्रकार असतो : रेंजआधी शीटचे नाव दिलेले, पण तिच्या कंसातल्या सेल्सआधी द्यायचे राहिलेले. त्या सेल्स समोरच्या शीटच्या धरल्या जातात आणि दोघांचा मेळ बसत नाही.

एरर दडपला तर?

एररच्या चौकटीला कंटाळून अनेक जण सुरुवातीला ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ टाकतात. चौकट येणे थांबते आणि खरा धोका सुरू होतो. समजा, मॅक्रो एकेका शाखेचे शीट घेऊन त्यात रकमा भरतो आहे. तिसऱ्या शाखेचे शीट सापडले नाही, तर एरर गिळला जातो, पण व्हेरिएबलमध्ये दुसऱ्या शाखेचे शीट तसेच राहते. तिसरीच्या रकमा दुसरीच्या रकमांवर लिहिल्या जातात. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने परत येत नाही. म्हणून ही ओळ वापरायचीच असेल तर फक्त शीट शोधण्यापुरती वापरावी : त्याआधी व्हेरिएबल ‘नथिंग’ करावे, लगेच नंतर ‘ऑन एरर गोटू ०’ लिहावे आणि शीट मिळाले का ते तपासूनच पुढे जावे.

दुरुस्ती नेहमी फाइलच्या प्रतीवर करावी आणि एफ८ दाबत एकेक ओळ चालवून पाहावी. त्यासाठी संगणकच लागेल. मोबाइलवरच्या एक्सेल अ‍ॅपमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत.