समाविष्ट अवलंबने (सॉफ्टवेअरमधील)

समाविष्ट अवलंबने : एखाद्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या, परंतु इतरांनी तयार केलेल्या लायब्रऱ्यांना (तयार आज्ञावल्यांच्या संग्रहांना) त्याची अवलंबने म्हणतात. लिनक्सच्या वितरणांत अशी लायब्ररी संगणकावर एकदाच बसवून सर्व सॉफ्टवेअरनी ती सामायिकपणे वापरावी, अशी रीत आहे. तथापि पुष्कळ लेखक लायब्ररीची एक प्रत आपल्या मूळ संहितेतच घालून देतात. तिला समाविष्ट अवलंबन म्हणतात. वितरणासाठी पॅकेज तयार करणाऱ्याला नवी आवृत्ती स्वीकारताना या प्रतींचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख हार्फबझ या लायब्ररीवरून होऊ शकेल. टंकलिखित वर्णांपासून पडद्यावरील जोडाक्षरे घडविण्याचे काम ती करते. तिचे नाव फार्सी असून त्यातील ‘हर्फ’ म्हणजेच मराठीतील ‘हरफ’ होय. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (शहराचे २०२५ पर्यंतचे अधिकृत नाव) आणि सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड या नावांपैकी पहिल्यात ‘स्ल’ हे साधे जोडाक्षर आहे. दुसऱ्यातील अर्ध्या र-चे चंद्रकोरीसारखे रूप मात्र मराठीची खास गरज असून युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते. फायरफॉक्स, क्रोमियम, क्यूट आणि २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून ओपनजेडीके या सर्वांच्या मूळ संहितेत हार्फबझची प्रत असते. परिणामी एकाच संगणकावर तिच्या निरनिराळ्या वयाच्या अनेक प्रती नांदू शकतात. सामायिक प्रतीत झालेली सुधारणा समाविष्ट प्रतींपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

अक्षर बिघडले तर ते निदान दिसते. सुरक्षिततेतील दोष दिसत नाही. संक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या झेडलिब लायब्ररीत स्मृतीचा एकच भाग दोनदा मोकळा होण्याचा दोष २००२ मध्ये उघड झाला. दुरुस्त आवृत्ती १.१.४ त्याच वर्षी मार्चमध्ये आली. परंतु लिनक्सच्या गाभ्यासह अनेक ठिकाणी तिच्या प्रती असल्याने प्रत्येक ठिकाणी वेगळी डागडुजी करावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी लायब्ररीतील दोषाने हाच अनुभव पुन्हा दिला.

म्हणून नवी आवृत्ती हाती येताच जुनी व नवी संहिता ताडून पाहतात. नवी लायब्ररी शिरली आहे काय, जुन्या प्रतीची आवृत्ती बदलली आहे काय आणि तिचा परवाना कोणता, हे तपासतात. लायब्ररी वितरणात आधीच उपलब्ध असल्यास समाविष्ट प्रत बांधणीपूर्वी काढून टाकणे उत्तम. ती नुसती दुर्लक्षित ठेवली, तर बांधणीची यंत्रणा गुपचूप तिचाच वापर करण्याचा संभव असतो. क्यूट आणि लिब्रेऑफिस यांत यंत्रणेवरील हार्फबझ वापरण्याचा पर्याय दिलेला आहे. खरी अडचण येते ती लेखकाने प्रतीत स्वतःचे फेरफार केलेले असतात तेव्हा. ते वेगळे काढून मूळ लायब्ररीच्या कर्त्यांकडे पाठवावे लागतात, आणि ते स्वीकारले जाईपर्यंत प्रत ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. प्रत काढल्यानंतरची चाचणीही केवळ बांधणी यशस्वी झाली एवढ्यावर सोडता येत नाही. वरील दोन नावे लिहून ती दोन्ही आवृत्त्यांत कशी उमटतात हे पाहणे, ही मराठीपुरती साधी पण उपयुक्त कसोटी होय.

लेखकांची बाजूही अगदीच निराधार नाही. ज्या आवृत्तीवर चाचणी झाली तीच वापरली जावी, असे त्यांना वाटते. गो व रस्ट या भाषांत तर अवलंबने अंतिम फाइलमध्येच सामावण्याची प्रथा आहे. डेबियनचे धोरण समाविष्ट प्रती टाळण्याचे आहे. फेडोरामध्ये त्यांसाठी पूर्वी खास परवानगी लागत असे. २०१५ मध्ये ही अट शिथिल झाली व न काढता येणाऱ्या प्रतीची नोंद पॅकेजच्या वर्णन-फाइलमध्ये करणे आवश्यक ठरले. ही नोंद क्षुल्लक वाटते, परंतु दोष उघड झाल्यावर कोणती पॅकेजे पुन्हा बांधावयाची हे तिच्यावरूनच तत्काळ कळते. भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीसंबंधी तांत्रिक मार्गदर्शिका प्रसृत केली.