प्रश्न एक, विद्या अनेक

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये शिकत असताना, गणितातच लक्ष घालावे असा बर्कॉफ यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाचा सल्ला असूनही, त्यांनी नाना विषयांचे अध्ययन केले आणि १९२९ साली पदवी घेतली. पुढे ते चांदीची प्राचीन आहत (ठसे ठोकलेली) नाणी तराजूत तोलून, हातोहात फिरताना झिजत गेलेल्या वजनावरून संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा कालानुक्रम लावू लागले, तेव्हा गणित आणि इतिहास या दोन्ही विद्या एकाच प्रश्नाच्या सेवेला हजर झाल्या.

असा योग दैवावर न सोडता त्याची रीतसर तजवीज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गॅलटिन विद्यालयाने केली आहे. १९७२ साली सुरू झालेल्या या विद्यालयात विद्यार्थी सल्लागार प्राध्यापकाच्या मसलतीने निरनिराळ्या विभागांतील अभ्यासक्रम निवडतो, आणि आपण हेच विषय एकत्र का आणले याचे लेखी निवेदन सादर करतो. शहराच्या पाण्याचा विचार करणाऱ्याला जलविज्ञान, नगररचना, कायदा आणि इतिहास यांची सांगड घालता येईल. मात्र ती का घातली, हे त्यालाच सांगावे लागेल. अखेरीस वीस-पंचवीस ग्रंथांची स्वतः सिद्ध केलेली यादी, ज्यात जुन्या काळचे ग्रंथही असावे लागतात, पुढे ठेवून तो प्राध्यापकांशी तोंडी चर्चा करतो, आणि त्या चर्चेत निवडीची संगती कसास लागते.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत अन्य शाखांतील विषय घेण्याची मुभा दिली. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० क्रेडिट मिळवावे लागतात, व त्यांचा हिशेब क्रेडिट बँकेत जमा राहतो. परंतु ज्या तासाला वर्ग मोकळा असेल किंवा ज्या विषयात गुण सहज मिळतील तो विषय उचलला, तर खात्यात जमा वाढते आणि विद्या विखुरलेलीच राहते. म्हणून प्रवेशअर्जासोबत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक कोरा कागद द्यावा, ‘मला काय जाणून घ्यायचे आहे’ हे त्याने त्यावर स्वहस्ते लिहावे, आणि दरवर्षी एखाद्या जाणत्या शिक्षकाने तासभर समोर बसून ते त्याच्याकडून पुन्हा लिहवून घ्यावे. असा कागद दप्तरी जमा झाला, म्हणजे विषयांच्या यादीला पदवीचे रूप येऊ लागेल.